लिटरला चोवीस

आमच्याकडं दोन गोष्टी कुणी खऱ्या सांगत नाही. एक, एकरी ऊस किती निघाला, आणि दुसरी, गाडी ॲव्हरेज किती देते. साठ टन निघालेला माणूस पारावर ऐंशी सांगतो, आणि ऐकणारा मनातल्या मनात वीस वजा करून मान डोलावतो. यात कुणी कुणाला फसवत नाही, रीतच आहे तशी. त्यामुळं आम्हाला गाडी घ्यायची झाली तेव्हा गावात विचारून काही हाती लागणार नव्हतं. तरी विचारलं. जो तो स्वतःचीच गाडी घे म्हणाला.

गाडी हवी होती आईसाठी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडेला, आणि डायलिसिस बारामतीला, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला भाड्याची जीप सांगायचो. जीप दारात आली की आईचं तोंड उतरायचं. माझ्या एकटीपायी एवढी मोठी गाडी, म्हणायची. एकदा तर उंबऱ्यावरच बसून राहिली, न्हाय येत म्हणाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की एक खेप चुकली तरी अंगात पाणी साठतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी मी तिला अक्षरशः उचलून जीपमध्ये घातली. आईला असं उचलावं लागणं फार वाईट. ती किती हलकी झाली होती, हे तेव्हा कळलं.

मग घरची गाडी घ्यायची ठरली. घरची असली की ती भाड्याचा विचार करणार नाही, असा माझा हिशेब. सीएनजीची सगळ्यात परवडली असती, पण डिकीत सिलिंडर, मग तिची चाकाची खुर्ची कुठं ठेवायची? शिवाय पंपावरची ती रांग. सुया काढून आलेल्या माणसाला रांगेत बसवून ठेवायचं का? डिझेलची आवाक्याबाहेर होती. राहिली लहान पेट्रोलची. शोरूममधल्या फलकावर लिहिलं होतं, लिटरला चोवीस. मी विचारलं, खरं किती? तिथला विकणारा पोरगा म्हणाला, तुमच्या चालवण्यावर आहे साहेब. याला काय उत्तर म्हणायचं, पण सगळीकडं हेच मिळतं.

माझे चुलते, तात्या, बरोबर होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कागदावरचं सोड. कंपनी गाडी खोलीत चालवती, रोलरवर. खोलीत कुठं आलाय स्पीडब्रेकर आन उसाची ट्रॉली? टाकी तोंडापातुर भरायची, गाडी गदागदा हलवून हवा काढायची, परत भरायची. मग चालवायची, आन परत तितपातुर भरून किती लागलं ते बघायचं. खरं तेवढंच."

तात्यांचं खरं होतं. तरी घरी आल्यावर मी आईला चोवीसच सांगितलं.

"लिटरला चोवीस?" ती म्हणाली.

"व्हय. आपण दोघं एसटीनं गेलो तरी ह्यापेक्षा जास्त लागंल."

"मग बरं हाय बाबा," म्हणाली, आणि पुढच्या खेपेला स्वतःहून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला एवढंच पाहिजे होतं.

पण गाडीत समोर पडदा होता, आणि पडद्यावर चालू ॲव्हरेज दिसायचं. आईला अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र येत होते, ते डेअरीनं शिकवलेले. उभा जन्म तिनं रोज सकाळी डेअरीत दूध घातलं. मशीनवर फॅटचा आकडा उमटायचा तो ती लांबूनही वाचायची. तिथला नियम सरळ असतो. आकडा पडला की दोष दुधात, आणि दुधात दोष म्हणजे पाणी.

गाडीचा आकडा चौदाच्या वर जात नव्हता. जाईल कसा? साखर कारखाना सुरू होता, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. गचका बसला की आईला मळमळायचं, म्हणून मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालवायचो. येताना तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून एसी. तिला बाहेर आणायच्या आधीच गाडी चालू करून गार करून ठेवायचो. मधेच उलटी येतेय असं वाटलं की थांबायचो, पण इंजिन चालूच ठेवायचो. ती पडद्याकडं बघायची, जशी डेअरीत बघायची.

एके दिवशी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, तिनं सांगून टाकलं. "आता बंद करू आपण हे. मी बसले की आकडा पडतोय. माझ्यात पाणी साठलंय न्हवं, त्येनं."

मी हसणार होतो. तिच्या तोंडाकडं बघून हसू गिळलं. दवाखान्यात दर वेळी तिला काट्यावर उभी करून पाणी किती चढलं ते सांगायचे, आणि तिनं ते आणि डेअरी आणि गाडी सगळं एकत्र जोडलं होतं. मी सांगितलं की तसं नसतं, इंजिनाचं काम वेगळं. ती म्हणाली, "आरं, पाणी घातलं की आकडा पडतो. येवढं मला कळतंय." मी चिडलो, मोठ्यानं बोललो. काही उपयोग झाला नाही. रात्रभर मला एकच धास्ती, उद्या ही उंबऱ्यावर बसली तर?

सकाळी म्हणालो, दवाखान्याचं नंतर बघू, दुपारची वेळ घेतलीय, आधी जरा फिरून येऊ. ती तयार झाली. इंदापूरला हायवेला लागलो आणि पडद्यावरचा आकडा शून्यावर आणला. एसी मुद्दाम चालू ठेवला. रस्ता सपाट, मोकळा, टॉप गिअर, वेग एकसारखा. आकडा चढायला लागला. सोळा, अठरा, वीस. भिगवण आलं तेव्हा बावीस होते. मासळीचा वास आला, तसं तिनं नाकाला पदर लावला. पलीकडं उजनी धरणाचं पाणी पसरलेलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आन मला दिवसाला प्यायला वाटीभर."

मग पडद्याकडं बोट केलं. "मी हाय की गाडीत. पाणीबी हाय."

"तेच सांगतोय मी. तुझा दोष न्हाय, रस्त्याचा हाय."

"मग रस्त्याचाच हाय," ती म्हणाली. तिथनं तसेच बारामतीला गेलो. नंतर तिनं एकही खेप चुकवली नाही.

ती गेली ती झोपेत, पहाटे, स्वतःच्या अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मला फार आठवण येते तिची, आणि ती नेमकी गाडीत जास्त येते.

परवा शेतातल्या पंपाचा पार्ट आणायला एकटाच बारामतीला गेलो. तोच कालव्याचा रस्ता, त्याच ट्रॉल्या, एसी चालू. परत येताना पडद्याकडं लक्ष गेलं. अठरा. मी गाडी बाजूला घेतली. म्हणजे सगळा दोष रस्त्याचा नव्हता. आईचं बरोबर होतं, ती बसली की आकडा पडत होता. पाण्यानं नव्हे, तिला जपत चालवण्यानं. कंपनी गाडी खोलीत चालवते, मी ती भिगवणच्या हायवेवर चालवून दाखवली, फरक एवढाच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तिथंच नेईन. स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडून घेतलं आणि घरी आलो.

संध्याकाळी पारावर कुणीतरी विचारलं, गाडी किती देती? मी चौदा सांगितलं. सगळे हसले, कारण कमी सांगणारा माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. फक्त तात्या हसले नाहीत. कुणीही विचारू दे, मी चौदाच सांगतो.