बारा शब्द तोंडपाठ

अनंता गेल्याची बातमी मला त्याच्या नावडत्या ॲपवरूनच कळली, पाच ठिकाणांहून फॉरवर्ड होत. छातीत कळ आली आणि तो कंपनीच्या बसथांब्यावरच कोसळला. त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, "मास्तर, मानूस मेला तरी तुमचं फॉरवर्ड काय सुटत नाय!"

आम्ही दोघे नात्याचे, एका वर्गातले. मी महाडात मास्तर झालो, तो एमआयडीसीत केमिकल कंपनीत लागला. त्या नावडत्या ॲपवरच्या कामगारांच्या ग्रुपमधलं बोलणं एकदा साहेबाच्या टेबलावर पोचलं आणि तेव्हापासून त्याने हे दुसरं ॲप धरलं. त्याला मोबाइल नंबर द्यावा लागत नाही, निरोप कुलूपबंद जातो, कुणाकुणाच्या कॉम्प्युटरवरून फिरत. "मधी मालकच नाय. आनि बनवलंय कसं ते सगल्यांसमोर उघडं हाय," तो सांगायचा. मी जांभई द्यायचो.

सुनंदावहिनींच्या फोनवरही त्याने तेच घातलं. रोज जेवणाच्या सुटीत त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. त्या कुलपाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. लोक ते कागदावर लिहून ठेवतात. पण पुरात यांचं रेशनकार्डसुद्धा वाहून गेलेलं, त्यामुळे अनंताचा कागदावर विश्वास नव्हता. त्याने ते शब्द वहिनींकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले.

आणि दहाव्याला, फोटोंना जागा नाही म्हणून, वहिनींच्या फोनवरून ते ॲप मीच काढून टाकलं. शिकलेला माणूस ना मी! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच्या निरोपांची बंद कुलपातली प्रत फोनमध्ये शिल्लक आहे, एवढंच नशीब.

"त्यांचा आवाज तेवढा काढून द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या.

आता रोज शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जातो. त्या शब्द म्हणतात, मी इंग्रजीत टाइप करतो. त्या म्हणतात 'सन'. सूर्य की मुलगा? 'मीट' म्हणजे मटण की भेट? 'गारल' कुठला शब्द, देव जाणे. कुठे चुकलं ते यंत्र सांगत नाही, वर तीनदा चुकलं की तासभर बसवून ठेवतं. परवा मी वैतागून म्हणालो, "वहिनी, नीट आठवा हो!"

"मी एक शब्द चुकत नाय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पुन्हा सुरू झाल्या. सहा शब्द झाले, थांबल्या, घसा खाकरला आणि जाड आवाजात म्हणाल्या, "हां, फुडं... घाई नको गो." मग सातवा शब्द.

अनंताने शिकवताना मधेमधे म्हटलेलं तेही त्यांनी पाठ केलं होतं. मी फोन खाली ठेवला आणि म्हणालो, "परत म्हणा."