लग्नासाठी राखलेले जिताडे

माझ्या लग्नाच्या पंगतीत मासा नव्हता. खाडीकाठच्या घरात हे सांगायचीसुद्धा चोरी.

आमच्याकडे रीत अशी, की घरामागे तळं आणि तळ्याला खाडीशी जोडणारी उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. पावसाळ्यात भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं आत आली की फळ्या खाली पाडून वाट बंद करायची आणि ती लेकरांसारखी वाढवायची. लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या पानात घरच्या तळ्यातलाच जिताडा पडला पाहिजे. बाजारातून आणला तर मुलीच्या बापाची गावभर शोभा. नावडे गावची मंडळी मला बघायला आली, तेव्हा बाबांनी त्यांना मुलीआधी तळंच दाखवलं! शेत नव्या शहरानं घेतलं होतं आणि त्यावर रोज डंपर मुरूम ओतत होते. तळं तेवढं उरलं होतं, आणि त्याच्याच जिवावर बाबा अजून मान वर करून चालत होते.

शाळेत मी अन्नसाखळी घोकली होती, पण घोकायची गरज नव्हती. काठावरच्या तिवरांची पानं चिखलात कुजायची, त्या चिखलावर कोलंबी वाढायची, कोलंबीवर जिताडा आणि जिताड्यावर आम्ही. त्या वर्षांत भराव घालणाऱ्यांनी तिवरं गाडली आणि वरच्या अंगाच्या कारखान्यांनी आपलं पाणी खाडीत सोडलं. दिवाळे गावच्या कोळणींच्या मासळीला घासलेटचा वास यायला लागला. गिऱ्हाईक मासा उचलायचं, हुंगायचं आणि परत पाटीत टाकायचं. बाबांनी घाबरून उघाडी बंद केली, ती बंदच ठेवली.

वैशाखात तळं आटत आलं. पाणी काढ्यासारखं दाट आणि कोमट झालं. सकाळ झाली की जिताडे वर येऊन तोंडं उघडायचे. लग्न तोंडावर आलेलं.

"आताच काढू आनि खारवून ठेवू," आई म्हणाली.

"याह्यांच्या पानान सुकी मासली वारू?" बाबा उसळले.

त्यांचा भरवसा उधाणावर होता. खाडी कितीही घाण होऊ दे, पुनवेला मोठं पाणी येतं आणि सगळं धुऊन नेतं, हे त्यांच्या आज्यापणज्यापासून खरं ठरत आलेलं. मी म्हटलं, "बाबा, आता पानी पयल्यासारखा नाय रायला." ते हसले. म्हणाले, "तुझ्या पुस्तकान भरती येते का गो?"

पुनवेला भर दुपारी पाणी चढलं. बाबांनी ओंजळ भरली, हुंगली, जिभेला लावली. "साफ हाय," म्हणाले आणि फळ्या उचलल्या.

आधी पाणी खरंच स्वच्छ आलं. मग काळं यायला लागलं. उधाणाचा जोर खाडीच्या तळाचा गाळ ढवळून आणतो. पूर्वी त्या गाळाबरोबर माशांना खाणं यायचं, आता त्यात कारखान्यांचं साचलेलं विष होतं. हे मला फार नंतर उमगलं. त्या दुपारी एवढंच दिसलं, की उन्हं उतरायच्या आत जिताडे उलटे व्हायला लागले.

बाबा कमरेभर पाण्यात उतरले. सगळ्यात मोठा जिताडा त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरला आणि तापातल्या पोराला जोजवावं तसे पुढेमागे हलवत राहिले. हात सोडला की तो पुन्हा कुशीवर. "धर गो, एकाला तरी धर!" ते ओरडले. मी एक धरला. तो माझ्या हातातच गेला. तेव्हा वाटलं ते असहायपण मी पुढे पोरांच्या आजारपणातही अनुभवलं नाही.

सकाळी कुत्री आणि कावळे जमले. कुणी खाऊन दगावू नये म्हणून बाबा शेतात खड्डा करायला गेले, तर भरावावरचा रखवालदार धावत आला.

"काका, इथं खोदायचं नाय."

"माझा शेत हाय."

"होतं."

तो बिचारा पोटासाठी उभा, त्याच्याशी काय भांडायचं? मग आम्ही टोपल्या भरभरून ओहोटीच्या पाण्यात मासे सोडले. भरतीला ते सगळे फुगून परत आले आणि उघाडीच्या पुन्हा पाडलेल्या फळ्यांना धक्के देत राहिले.

बाबा अनवाणीच रस्त्यावर गेले आणि हात करून मुरमाचा डंपर थांबवला. शेत वाचवायला ते एकदा याच गाड्यांपुढे आडवे झोपले होते. "आमचे तल्यान टाक," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आई पदर तोंडाशी धरून "नको, नको" म्हणत राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तळ्याच्या काठावर उभे राहून ते हातानं गाडीला वाट दाखवत होते, "येव दे, येव दे, आजून मागं."