दसऱ्याला चमकवलेली डिस्क

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या येडशीत माणसं अंघोळ करतील न करतील, गाड्या मात्र घासूनपुसून काढतात. वॉशिंगवाल्याकडं मोठी रांग होती, आणि मास्तर झाल्यापासून आपल्याला सगळं येतं असा माझा समज झालेला. म्हणून मोटरसायकल अंगणातच धुवायला घेतली. डिझेलनं चेन धुतली, इंजिन ऑइलचा बोळा सगळीकडं फिरवला. पुढच्या ब्रेकची डिस्कसुद्धा सोडली नाही. सगळ्यात जास्त तीच चमकली. मी लांब उभा राहून बराच वेळ तिचं कौतुक करत होतो.

सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पूजा केली. गावातल्या निम्म्या गाड्यांची पूजा तेच करतात. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. मध्येच त्यांचा मोबाइल वाजला. भाच्याला 'पूजेत आहे, मग बोल' सांगेपर्यंत मंत्र कुठं सोडला होता ते विसरले, आणि अंदाजानं पुढं सुरू केलं. मी हसलो, त्यांनी डोळे वटारले, विषय तिथंच संपला.

संध्याकाळी दोघं पाहुण्यांकडं सोनं द्यायला निघालो. अण्णा मागं धोतर सावरत एका अंगानं बसतात आणि गाडी कशी चालवावी ते रस्ताभर मला सांगतात. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नाही. उतारावर म्हशी आडव्या आल्या. मी पुढचा ब्रेक दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला, तर गाडी जास्तच खुशीत पळाली. मागचा ब्रेक कित्येक महिने नावापुरताच होता. हँडल वळवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या ढिगात घुसलो. अण्णांच्या टोपीत, बंडीत, कानात सोयाबीन. लागलं कुणालाच नाही. ढिगाचा मालक आमचा शेजारीच. तो पळत आला, देवीनं वाचवलं म्हणाला आणि सोयाबीन किती सांडलं ते बघायला लागला.

घरी येऊन डिस्कवर बोट फिरवलं, तर तेलकट. सातवीच्या पोरांना मी घर्षण शिकवतो. दुसऱ्या दिवशी गुपचूप डिस्क पुसून घेतली, तेल प्यायलेली ब्रेक पॅड बदलली आणि मागचा ब्रेकही आवळला. गावभर देवीचं नाव झालं होतं, ते मी होऊ दिलं.

अण्णांचं मात्र बिनसलं. पूजेला बसले की एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचे. काही दिवसांनी शेजाऱ्यानं नवा ट्रॅक्टर दारात आणून उभा केला, तर अण्णांनी त्याला दुसरा कुणीतरी बघायला सांगितलं. त्या दिवशी तुमच्या पूजेनंच वाचलात की, असं शेजाऱ्यानं म्हणताच अण्णा म्हणाले, "पूजेनं न्हाय, तुझ्या सोयाबीननं वाचलो. माझा मंत्र चुकला होता. आता दुसऱ्याच्या लेकराचा जीव मी टांगणीला लावत न्हाय."

हे ऐकून मला राहवेना. म्हातारा माझ्या एका बोळ्यापायी जन्माचं काम सोडायला निघाला होता. शेजाऱ्यासमोरच सांगून टाकलं.

"अण्णा, मंत्राचा काही दोष न्हाय. ब्रेकला तेल मी लावलं होतं."

"कशाला?"

"चमकायला."

शेजारी ट्रॅक्टरकडं तोंड करून हसून घेत होता. मग अण्णा आत गेले आणि पूजेचं ताट घेऊन आले. मोबाइल त्यांनी आधीच माझ्या हातात दिला होता. लिंबू ठेवण्याआधी त्यांनी शेजाऱ्याला वर चढवून ब्रेक दाबून दाखवायला लावला. तेव्हापासून येडशीत कुठल्याही गाडीची पूजा तशीच होते.

माझ्या मागं बसणं मात्र त्यांनी सोडलं. रामलिंगाच्या देवळात जायचं तरी रिक्षा करायचे, आणि मी दारातच उभा असायचो. फार लागायचं मनाला.

पुढच्या दसऱ्याला मी गाडी नुसत्या पाण्यानं धुतली. डिस्क कोरडी, मळकट ठेवली. अण्णांनी पूजा उरकली, खाली वाकून डिस्कवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, वास घेतला. मग धोतर सावरलं आणि मागं बसले.

"चल," म्हणाले. "अन् म्हशी दिसल्या की आधी मला सांग."