आमच्या गेममधली पहिली शिकार

मंडळी, अजून किळस जात नाहीये, म्हणून कम्युनिटीवर लिहितेय.

आज दुपारी वसईजवळ उमेळ्याला प्रशांतच्या घरी आम्ही चौघं फासे टाकून खेळायचा नवा रोलप्लेइंग गेम सुरू करायला जमलो. गोष्ट आजच्या वसईतच घडणार, फक्त राक्षस खरे असणार. मी माझं पात्र हौसेने लिहून काढलं: रोझी, नोकरीने नर्स, पण कोयता घेऊन राक्षसांची शिकार करणारी.

गेम चालवणारा प्रशांत म्हणाला, "पहिली शिकार आमच्या गल्लीतली मार्था मावशी. चेटकीण आहे ती, सगळा गाव बोलतो."

सगळे हसले. मीही हसले.

मावशी खरीखुरी बाई आहे. एका वर्षात तिचा नवरा आणि मुलगा आजाराने गेले, तेव्हापासून लोक तिला चेटकीण म्हणतात.

"अरे, खऱ्या बाईला मारायचं?" मी विचारलं.

"गेमच आहे गं! आत्ता तूच हसलीस ना?"

मला त्याची शिसारी आली, त्याहून जास्त स्वतःची. रोझीचा कागद फाडून मी निघाले. अंगणात पोचेपर्यंत आतून फासे पडल्याचा आवाज आला. माझ्याशिवाय शिकार सुरू झाली होती.

तुम्ही तिथे थांबून त्यांना अडवलं असतं, की माझ्यासारखे नुसते निघून आला असता?