लॉगिन तिचं, हुकूम दुसऱ्याचा

त्या मुलीचा जबाब आजही माझ्या डोक्यातून जात नाही. हे लिहायला कितीदा बसलो आणि उठलो. या प्रकरणाबद्दल लातुरात जे समजलं जातं ते चूक आहे, आणि त्या चुकीला कारण मी आहे.

भूकंपाच्या वेळी मी याच जिल्ह्यात नवा फौजदार होतो, ढिगारे उपसले होते. पुढे ठाणे प्रभारी म्हणून परत आलो तेव्हा शहर ओळखू येईना. गल्लोगल्ली क्लास, वसतिगृहं, मेस. खबर एका मेसवाल्यानेच दिली. बीट हवालदाराला तो म्हणाला, "जमादार, पोरं भाकरीसंगं उद्याच्या पेपरची उत्तरं पाठ करून राहिली. मला काही ठीक दिसंना."

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या क्लासची निवड परीक्षा होती. निवड होईल त्याला मोफत शिकवणी. आम्ही पेपर मागवून ताडून पाहिला. तोच होता. परीक्षा रद्द झाली, गुन्हा दाखल झाला.

क्लासचा सगळा कारभार इंटरनेटवरच्या एका सॉफ्टवेअरमधून चाले. हजेरी, गुण, पेपर, सगळं त्यात. त्यातल्या नोंदीप्रमाणे ऑफिसातल्या ऑपरेटर मुलीच्या लॉगिनने, तिच्याच कॉम्प्युटरवरून, एक नवा व्यवस्थापक, म्हणजे सगळे अधिकार असलेलं नवं खातं, तयार झाला होता. त्या नव्या व्यवस्थापकाने पेपर उतरवून घेतला होता. क्लासचे संचालक म्हणाले, "साहेब, माणूस खोटं बोलेल. रेकॉर्ड बोलणार नाही." मला ते पटलं.

मुलगी शिरूर अनंतपाळला मामाकडे वाढलेली. आई-वडील भूकंपात गेलेले. महिला शिपायासमोर मी चौकशी सुरू केली.

"नवा व्यवस्थापक कुणी केला?"

"म्हाईत न्हाई, साहेब."

"लॉगिन तुझं, कॉम्प्युटर तुझा. खुर्चीवर कोण होतं?"

"मीच होते. पण मी न्हाई केलं."

"मग भुतानं केलं. भुताला पासवर्ड कुणी दिला गं?"

ठाण्यात हशा पिकला.

"त्या वेळी काय करत होतीस?"

"सॉफ्टवेअर वाढवलं आन् मेल बघत होते."

रायटरने जबाबात लिहिलं, 'सॉफ्टवेअर बंद केले.' वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बंद न्हाई म्हणले मी. वाढवलं म्हणले."

"एकच ते. सही कर."

दुकान बंद केलं असं म्हणणं अशुभ, म्हणून आपण वाढवलं म्हणतो. तेवढाच फरक मला दिसला. शिवाय माझ्या मते ती आता पुरती सापडली होती. सॉफ्टवेअर बंद, आणि त्याच वेळी त्यात हुकूम गेला, म्हणजे ही खोटं बोलते. तिला अटक केली आणि पत्रकारांना सांगितलं की कर्मचारी महिलेने पेपर फोडला. बातमीत नाव नव्हतं. पण त्या ऑफिसात बाई एकच होती.

तरी मला चैन पडेना. नव्या व्यवस्थापकाच्या खात्याचा वापर नांदेड जिल्ह्यातल्या नायगावातून झाला होता आणि नायगावात तिचं कुणी नव्हतं. शेवटी नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तिने सॉफ्टवेअर बंद केलं म्हणजे नेमकं काय केलं?"

ते मी विचारलंच नव्हतं.

परत येऊन तिला क्लासच्या दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि करून दाखवायला सांगितलं. तिने कोपऱ्यातली फुली दाबली. खिडकी मिटली.

"लॉगआउट करत नाहीस?"

"संचालक सर करू देत न्हाईत. पुन्हा घुसायचं म्हणलं की त्यांच्या फोनवर कोड येतो, शिकवताना वर्गातून उठावं लागतं. लई खेकसतात. म्हणून आम्ही नुसतं वाढवून ठेवतो."

मी तेच सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. पासवर्ड न विचारता सगळं समोर आलं.

"आणि मेल कसली होती?"

"भूकंपग्रस्तांच्या लेकरांना नोकरीत जागा निघाल्या म्हून होती. पान उघडलं तर कोरंच."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"दुसरी नोकरी बघून राहिले म्हणून सरांनी काढून टाकलं असतं, साहेब."

त्या कोऱ्या पानातच हुकूम लपलेला होता. हे फोनवर सांगितल्यावर प्राध्यापकांनी मला माझ्याच टेबलाचं उदाहरण दिलं. हवालदार सह्यांचा गठ्ठा आणतो, साहेब न बघता सही करतात. मध्ये कुणी आपला एक कागद सरकवला, तर सही साहेबांची असते, मर्जी सरकवणाऱ्याची. पान उघडताच तिच्या ब्राउझरने 'नवा व्यवस्थापक करा' हा निरोप सॉफ्टवेअरकडे नेला. लॉगिन चालूच होतं, म्हणून सॉफ्टवेअरने तो तिचाच मानला. हा निरोप खरंच आपल्या पानावरून आला का, हे ओळखायची गुप्त खूण त्यात ठेवलेलीच नव्हती.

मेलचा माग नायगावच्या एका मोबाईल दुकानापर्यंत गेला. दुकानदाराचा मेहुणा याच क्लासमधून काढलेला जुना कर्मचारी निघाला. सॉफ्टवेअरमधला कुठला फॉर्म कुठे आहे, हे त्याला पाठ होतं. चौकशीत तो म्हणाला, "भूकंपाचं नाव बघून ती उघडणारच, हे ठाऊक होतं मला." इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं थंड वाक्य मी क्वचितच ऐकलं.

न्यायालयात अहवाल देऊन मुलीला गुन्ह्यातून वगळलं. काही दिवसांनी ती मामाला घेऊन ठाण्यात आली.

"साहेब, ते पेपरात आलं तसं हे बी येऊ द्या."

"न्यायालयाचा कागद आहे ना तुझ्याजवळ?"

"कागद घेऊन दारोदार हिंडू का? गल्लीत समदे बातमीच वाचतेत."

मी 'बघतो' म्हणालो. बघितलं नाही. बातमी दिली असती तर तिला अटक कुणी केली होती, हेही छापून आलं असतं, आणि उत्कृष्ट तपासासाठी माझी शिफारस तेव्हा वर गेली होती. प्रशस्तिपत्र मिळालं. तिला लातुरात दुसऱ्या कुठल्याच क्लासने उभं केलं नाही. मामा तिला घेऊन हैदराबादकडे निघून गेल्याचं पुढे कानावर आलं.

हुकूम कुणाच्या नावाने आला आणि तो कुणी दिला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी पहिलाच विचारला आणि उत्तर मिळालं म्हणून थांबलो. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगेन, माणूस जो शब्द बोलतो तोच जबाबात लिहा.

तिला ओळखणारे लोक त्या गल्लीत अजून असतील. त्यांच्यासाठी, तपास अधिकारी या नात्याने, उशिरा का होईना, लिहून देतो. तो पेपर तिने फोडला नव्हता. ती निर्दोष होती, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.