बडे बाबूंच्या विदाईची गाडी

आमच्या ऑफिसात नवा माणूस रुजू होणार अशी कुणकुण लागली की बडे बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, टेबलाभोवती गर्दी जमायची. प्रत्येकाचा प्रश्न एकच. देशपांडेबाई हळूच विचारायच्या, "आपल्यातला का हो?" पटेलजी विचारायचे, "अपने वाला है क्या?" बडे बाबू चष्मा कपाळावर चढवायचे आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत एकच उत्तर द्यायचे, "आपल्यातलाच." आस्थापना शाखा त्यांच्याकडे, नेमणुकीचे आदेश त्यांच्या कपाटात, त्यामुळे कुणी शंका घ्यायचं नाही.

एकदा या उत्तरानं भलतीच बहार आणली. नवा अकाउंटंट येणार होता. देशपांडेबाईंनी त्याच्यासाठी थालीपिठं आणली, पटेलजींनी घरून दाल-बाफले आणले, आणि आला तो अन्सारी. त्यानं दोन्ही डबे मन लावून संपवले आणि वर थालीपीठ कसं करतात तेही विचारलं. आता केलेलं स्वागत परत कसं घ्यायचं? देशपांडेबाई बडे बाबूंवर आठवडाभर फुगून होत्या. ईदला अन्सारीच्या घरचा शीरखुर्म्याचा डबा आला तेव्हा मात्र सगळ्यांत आधी त्यांनीच तो उघडला.

मीही धारहून येऊन, भंवरकुआंला, कोचिंग क्लासांच्या वस्तीत, खोली घेऊन, परीक्षा देत देत या ऑफिसात पोचले होते. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा हातात धरून उभीच राहिले, कारण कुठल्या टेबलावर कोण बसतं याच्या अलिखित हद्दी ठरलेल्या होत्या. बडे बाबूंनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, खुर्ची सरकारची आहे, आपण फक्त गरम करतो. जिथे पंखा चालू दिसेल तिथे बैठ जा." मी हसले आणि पंख्याखाली बसले. पुढे तीच माझी जागा झाली.

त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून घरात आहे असं ते सांगायचे, पण ती आम्हाला कधी दाखवली नाही. भांडायचं झालं तर ते नियमांचं पुस्तक घेऊन आणि अत्यंत गोड आवाजात भांडायचे. समोरचा हरला तरी चहा पिऊनच जायचा.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ड्रायव्हरच्या जागेचा आदेश निघाला. नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं, आणि दारात येऊन उभी राहिली झाबुआकडची रेशम डावर. भिल्लांच्या घरातली मुलगी. पिकअप चालवून भावंडांना शिकवलेली, निवड चाचणी रीतसर पास झालेली. साहेबांनी तिला जीपची चावी द्यायची सोडून आवक-जावकच्या खिडकीशी बसवलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दौऱ्यावर उशीर होतो, बाईमाणूस, काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं ते म्हणायचे. पण रेशमचा परिवीक्षा काळ चालू होता. गाडी चालवलीच नाही, तर तिला ड्रायव्हर म्हणून कायम कसं करणार? नोकरी हातची जाणार हे तिला कळत होतं. ती टपालावर शिक्के मारायची आणि मधूनच अंगणात उभ्या जीपकडे बघायची. मला साहेबांचा संताप यायचा.

बडे बाबूंनी नियम दाखवले, विनवून पाहिलं. साहेब हसून विषय बदलायचे. अशात बडे बाबूंच्या निवृत्तीचा दिवस उजाडला.

आमच्याकडे रीत अशी की विदाईची भाषणं झाली की हार घातलेल्या माणसाला ऑफिसच्या गाडीतून घरी पोचवायचं. पुढे साहेब, मागे तो आणि त्याच्या घरचे, त्यामागे आमच्या स्कूटरींची वरात. त्या दिवशी जाणाऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही. साहेबांनी माइकवरूनच विचारलं की बडे बाबू, आपकी कोई इच्छा?

"बस एक, सर," बडे बाबू म्हणाले. "मुझे घर रेशम छोड़ेगी."

साहेबांनी माइक खाली ठेवला आणि ते जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. दुसरं करणार तरी काय?

बडे बाबूंचं घर मल्हारगंजात, आणि आम्ही पोचलो ती ऐन बाजाराची वेळ. त्यांच्या गल्लीत आम्ही शिरलो तर समोरून मालानं भरलेला टेम्पो. तो मागे जाईना. रेशमनं मान बाहेर काढून त्याला हसत थांबायला सांगितलं, आणि हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्या, आमच्या स्कूटरी या सगळ्यांतून जीप गल्लीच्या तोंडापर्यंत उलटी मागे घेतली. टेम्पो गेला. तिनं पुन्हा जीप आत घालून थेट बडे बाबूंच्या उंबऱ्याला लावली. साहेबांनी आधी समोरचा दांडा घट्ट धरला होता. नंतर पाहिलं तर ते स्वतःच खिडकीतून हात काढून लोकांना बाजूला करत होते. अन्सारीच्या स्कूटरवर मागे बसलेल्या देशपांडेबाई टाळ्या वाजवत होत्या.

साहेब उतरले, कोट झटकला आणि रेशमला म्हणाले, "कल राऊ के दौरे पर चलना है. दस बजे गाड़ी लगा देना." ती "जी सर" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसू लागली. मला इतका आनंद झाला की मीही रडले.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंच्या रिकाम्या टेबलाकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बेटा, रेशम निघाली का राऊला?"

मी म्हटलं, निघाली, साहेब बरोबर आहेत.

"बस मग," ते म्हणाले. "आता झालो मी रिटायर."