सरकीचं तेल

आई चकल्या तळत होती आणि घरभर दरवळत होता तो भाजणीचा, ओव्याचा वास. तेलाचा वास नव्हताच. सरकीचं तेल असंच असतं, स्वतः मागे राहून पदार्थाला पुढे करतं. ई जीवनसत्त्वही असतं म्हणे त्यात. यवतमाळहून पुण्याला येताना आई त्याचा डबा आठवणीनं आणते. आमच्याकडे दिवाळीचं तळण दुसऱ्या तेलात झालेलं मला आठवत नाही.

शेजारच्या काकूंनी चकली मोडली. "काय खुसखुशीत झालीय हो! तेल कोणतं वापरता?"

आईनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेंगदाण्याचं." आणि पायानंच डबा ओट्याखाली ढकलला.

सरकी म्हणजे गुरांचं खाणं, असं इथं कुणी हसून म्हणेल, ही भीती माझी होती. मी ती कधी बोलून दाखवली नव्हती. तरी आईनं ती माझ्या चेहऱ्यावर वाचली होती. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी काकूंच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली.

काकू गेल्या. आईनं हळूच विचारलं, "बराबर सांगितलं नं मी?"